श्रवणभक्ती आणि एका कर्णवैद्याचे संशोधन

(मठाच्या वर्धापनदिन महोत्सवात इचोडा येथे दिलेले व्याख्यान)



भक्तजनहो, नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. कीर्तन त्यानंतर येते. हा क्रम सहेतुक आहे. जे कानी पडले नाही ते मुखी येत नाही, हे पाठशाळेत संथा देणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. वेदांना श्रुती म्हणतात, त्याचेही मर्म हेच. मग ज्या बालकाला जन्मतःच ऐकू येत नाही, त्याने काय करावे? सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत व त्यांत बाधिर्याची गणना आहे. तथापि अंतःकर्णाच्या जन्मजात बाधिर्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खात्रीचा उपाय नव्हता.

हा उपाय शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क हे एक. त्यांचा जन्म १९३५ सालचा. वडील औषधविक्रेते होते व त्यांना कमी ऐकू येई. ग्राहक हळू आवाजात मागणी सांगे आणि वडिलांना ती मोठ्याने सांगण्याची विनंती करावी लागे; हा संकोच मुलाने रोज पाहिला. पुढे ते मेलबर्न येथे कान-नाक-घशाचे शल्यवैद्य झाले. व्यवसाय चांगला चालला असता १९६७ साली त्यांनी तो सोडला आणि श्रवणतंतूंच्या अभ्यासासाठी ते सिडनीच्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. १९७० साली मेलबर्न विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद लाभले. परंतु संशोधनास द्रव्य नव्हते. जाणत्यांनी उपहास केला, तेव्हा त्यांनी लोकांपुढे डबा फिरवून वर्गणी गोळा केली.

अडचण अशी होती. अंतःकर्णातील श्रवणेंद्रिय गोगलगाईच्या शंखासारखे अडीच वेढ्यांचे असते. तारस्वर त्याच्या मुखापाशी व मंद्रस्वर आतल्या टोकाशी ग्रहण होतात. त्यातील सूक्ष्म केसपेशी नष्ट झाल्या तरी मागील श्रवणतंतू पुष्कळदा शाबूत राहतात. विजेच्या सौम्य स्पंदांनी त्यांना जागे करावयाचे, तर वेढ्यांना इजा न करता तार आत शिरावी कशी? १९७७ साली समुद्रतीरावर क्लार्कांनी एका शंखात गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाशी लवचीक व बुडाशी ताठ असलेली पाती वळणे घेत आत गेली. उपाय सापडला. १ ऑगस्ट १९७८ रोजी अपघाताने बहिरे झालेल्या एका गृहस्थावर त्यांनी शस्त्रक्रिया केली, आणि पुढे त्या गृहस्थास शब्द ओळखता येऊ लागले. २०१३ साली क्लार्कांना अन्य दोन संशोधकांसह अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे ही विद्या रुजविणाऱ्या अग्रणींत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव आदराने घेतले जाते. केईएम रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि २०१४ साली ते पद्मश्री झाले. आडनाव कीर्तने आणि कार्य श्रवणाचे, हा योग भक्तमंडळींस निश्चित रुचेल.

या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यातून बोलणे समजते; परंतु उदात्त, अनुदात्त, स्वरित यांतील स्वरभेद निरोगी कानाइतका स्पष्ट कळत नाही. शस्त्रक्रिया हा केवळ आरंभ होय. पुढे कित्येक महिने, वर्षे बालकापुढे एकेक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारावा लागतो. ती संथाच होय. ज्यांना हा उपाय लाभत नाही, त्यांच्यासाठी खुणांची भाषा आहे. तीही पूर्ण भाषाच आहे.

आता आपल्या गावाविषयी. तीन-चार वर्षांचे न बोलणारे मूल मठात आणलेले मी अनेकदा पाहतो. आजी म्हणते, याचा बापही उशिरा बोलला. कोणी म्हणते, घरी मराठी, बाजारात तेलुगू, त्यामुळे पोर गोंधळले. भक्तजनहो, दोन भाषांनी मूल मुके होत नाही. आपल्या इचोड्यात दोन-दोन, तीन-तीन भाषा बोलणारी मुले गल्लोगल्ली खेळत आहेत! न बोलण्याचे कारण प्रथम कानात शोधावे. ध्वनीचा अर्थ लावण्याच्या मेंदूतील वाटा पहिल्या काही वर्षांतच घडतात. त्या काळात ध्वनी पोचला नाही, तर नंतर उत्तम यंत्र बसवूनही बोली क्वचितच नीट उमलते. म्हणून वैद्यांचा नियम असा की, पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ व्हावा. तपासणी वेदनारहित असते. निजलेल्या बाळाच्या कानात लहानशी नळी ठेवून ती होते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बाधिर्याचा समावेश आहे. आदिलाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, हैदराबादेस कोठी येथे कान-नाक-घशाचे शासकीय रुग्णालय आहे.

नवस बोलू नये असे मी म्हणत नाही. नवस अवश्य बोलावा. परंतु त्याच सप्ताहात बालकाचे कान दाखवावेत. देवाची करुणा वैद्याच्या हातूनही येते, आणि नवस फळण्याची वाट पाहण्यात गेलेली वर्षे बालकास परत मिळत नाहीत. ज्यांच्या घरी असे बालक असेल त्यांनी संकोच न करता पाठशाळेत यावे. रुग्णालयापर्यंत सोबत येण्यास आम्ही शिष्य सिद्ध आहोत. ज्याच्या कानी प्रथमच श्रीगुरूंचे नाम पडेल, अशा एका बालकासाठी एवढे कष्ट घेणे हीदेखील श्रवणभक्तीच होय.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु.