झाडांची साक्ष मानणारा शास्त्रज्ञ



गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचे आहे. वस्तुतः ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेला तो जीव असून शास्त्रीय परिभाषेत त्यास शैवाक म्हणतात. त्याला मुळे नाहीत, पानांना असते तसे मेणचट संरक्षक आवरणही नाही. जे घ्यायचे ते हवेतून आणि पावसाच्या पाण्यातून. त्यामुळे हवा बिघडू लागली की पुष्कळ शैवाके प्रथम नाहीशी होतात. विल्यम नायलँडर या फिनलंडच्या अभ्यासकाने १८६६ मध्ये पॅरिसच्या उद्यानात हे हेरले होते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन यांनी शैवाकांचा सखोल अभ्यास केला.

वनस्पती ही हवेची साक्षीदार असते, हा विचार भारतीय महानगराच्या धुरात उभे राहून पडताळून पाहणारे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे मुंबईच्या विज्ञान संस्थेतील डॉ. शरद चाफेकर. पुण्यातील पर्यावरण-अभ्यासकांनाही त्यांचे नाव परिचित आहे. त्यांचे स्मरण करायचे ते त्यांच्या कामाची रीत समजून घेऊन.

१९५० च्या दशकात चेंबूर-ट्रॉम्बे भागात तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र आले, पाठोपाठ खतांचा कारखाना आला. लोक चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. डोळे चुरचुरत, खोकला येई. पण तक्रार करणाऱ्याला पुरावा विचारला जातो आणि मोजणारी यंत्रे त्या काळी दुर्मिळ व महाग होती. मुंबईतील प्रदूषकांचा वनस्पतींवर काय परिणाम होतो, याविषयीचा चाफेकरांचा शोधनिबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी, १९८१ मध्ये आला!

रीत साधी होती. एकाच वयाची, एकाच मातीतील रोपे शहराच्या निरनिराळ्या भागांत ठेवायची आणि त्यांची वाढ व पाने तपासायची. यंत्र त्या क्षणाचा आकडा सांगते. रोप मात्र रात्रंदिवस तेथेच उभे राहून जे सोसले त्याचा जमाखर्च अंगावर वागवते. प्रयोगशाळेतही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सल्फर डायऑक्साइड वायू सोडून रोपांची परीक्षा घेतली. त्यांत आपली भाजीची मेथीही होती. मेथीसारखे घराघरातले रोप एका गंभीर संशोधनाचे साधन व्हावे, यात खरी स्वदेशी दृष्टी दिसते.

हा वायू पानावरील सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतो आणि पेशींतील पाण्यात विरघळतो. थोडा असेल तर वनस्पती त्यातील गंधक पचवते, पोषणासाठीही वापरते. पचवण्याच्या वेगापेक्षा तो अधिक आला की हरितद्रव्याचा नाश होतो, शिरांमधला भाग पिवळा पडतो, मग करपतो. शिरा बहुधा हिरव्या राहतात. पण डाग दिसला नाही म्हणजे हानी झाली नाही, असे समजू नये. पान वरकरणी निरोगी असते, अन्न मात्र कमी तयार होते आणि उत्पन्न घटते. शेतकरी बियाण्याला किंवा पावसाला दोष देत बसतो.

याच ज्ञानाची दुसरी बाजू अशी, की काही झाडे प्रदूषण अधिक सोसतात, धूळ अडवतात. कारखान्याभोवती हरितपट्टा उभारताना अशांची निवड करतात आणि ते योग्यच आहे. मात्र चार रांगा झाडे लावली म्हणजे धुराड्यावरील शुद्धीकरण यंत्रणेतून सुटका झाली, असा सोयीस्कर अर्थ काढणे हा त्या विद्येचा अपमान आहे. ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात १९८० च्या दशकात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा बसली. गंधक कमी करण्याचा मार्ग तो होता.

पुण्याची व्यथा वेगळी आहे. येथे प्रश्न मुख्यतः वाहनांचा, बांधकामाच्या व रस्त्यावरील धुळीचा. धुळीने पानावरचा प्रकाश अडतो, रंध्रे बुजतात. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या वायूंपासून उन्हात ओझोन तयार होतो. वाऱ्याबरोबर तो शहराबाहेरच्या शेतांवरही जातो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पामुळे २०१३ पासून पुणेकरांना हवेचे आकडे कळू लागले. आकडे हवेतच. परंतु वृक्षारोपणाच्या दिवशी छायाचित्र काढून परतणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी वर्षभराने त्याच झाडाचे पान हाती घेऊन पाहिले काय?

शाळकरी मुलांनाही करता येईल असा हा अभ्यास आहे. सारख्या कुंड्या, एकच माती, एकाच पुडीतली मेथी. दोन कुंड्या रहदारीच्या चौकालगतच्या गच्चीवर, दोन टेकडीजवळच्या घरी. ऊन आणि पाणी सारखे हवे, कारण पान कीड, उन्हाचा ताप किंवा पाण्याची ओढ यांनीही पिवळे पडते. एका डागावरून निष्कर्ष काढता येत नाही. दर आठवड्याला उंची आणि पानांची संख्या वहीत लिहावी. तीन-चार आठवड्यांत मेथी भाजीला येते. दोन्ही ठिकाणची उपटून, माती झटकून, वेगवेगळी वजन करावी.