सेवेकरी मिळावे कसे, टिकावे कसे?



महोत्सवाच्या या आनंदात एक चिंता आपणांपुढे ठेवितो. उत्सवास हात पुष्कळ लाभतात. उत्सव सरला म्हणजे ते पांगतात, आणि आजाऱ्याच्या दारी जावयास तेच दोघे वृद्ध उरतात. ‘कोणीतरी पुढे या’ अशी वेदीपासून केलेली विनंती कोणासच लागू पडत नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 पाहा. रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी काम नेमिले, सात ही संख्या ठरविली, निवड मंडळीवर सोपविली आणि निवडलेल्यांवर प्रार्थनापूर्वक हात ठेविले.

1833 साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम यांनी सोबत्यांसह गरिबांच्या सेवेचे मंडळ काढिले. तेच पुढे सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी झाले. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्या विद्यार्थ्यांस सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकविले. गरिबांच्या घरी भेट, आणि मग एकत्र बसून प्रार्थना व विचारविनिमय, या क्रमाने ते कार्य आजही जगभर चालू आहे.

तेव्हा आपणही ज्यास बोलवावयाचे त्यास नावाने बोलवू या. काम व मुदत आधी सांगू या. नवख्यास जाणता सोबती देऊ या. मुदत संपताच त्यास आभारपूर्वक मोकळे करू या; मोकळा झालेलाच पुन्हा आनंदाने येतो, दमलेला येत नाही.

शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचा आशीर्वाद आपणांवर असो.