फाटकाबाहेरची तासिका



शिक्षकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. यजमान शाळेने दिवाळीची सुट्टी बाजूला ठेवून केलेली व्यवस्था आणि विद्यार्थिनींनी म्हटलेलं स्वागतगीत, दोन्हीबद्दल मनापासून आभार. वर्षभरात आपल्यातून गेलेल्या सहकाऱ्यांना आदरांजली वाहतो आणि विषयाकडे वळतो.

सहशालेय उपक्रमांचा आढावा अध्यक्षाने घ्यावा, ही आपली प्रथा आहे. स्काउट-गाईडची पथकं, छात्रसेना, हरित सेना, विज्ञान प्रदर्शनं, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, वक्तृत्व, क्रीडास्पर्धा यांची माहिती अहवालात छापलेली आहे. ती आपण सवडीने वाचालच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दप्तराविना दहा दिवस सुचवले, त्याचंही स्वागत झालं आहे. पण ते दहा दिवस कोणासाठी आहेत? सहावी ते आठवीसाठी. नववी-दहावीच्या मुलाच्या पाठीवरचं दप्तर तसंच आहे. याबद्दल मला आज बोलायचं आहे, आणि आढाव्याचा वेळही मी यासाठीच वापरणार आहे.

आपल्या शाळेतलं मूल चौदा-पंधरा वर्षांचं होतं. चालण्याची, चढण्याची, ओझं उचलण्याची ताकद त्याच्या अंगात येते. मोठ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न त्याला सुचायला लागतात. आणि नेमकं त्याच वर्षी आपण त्याला वर्गात कोंडतो. पाचवीच्या मुलांना आपण बागेत नेतो, पोस्टात नेतो, बाजारात नेतो. नववीच्या मुलांना मात्र सराव परीक्षेच्या बाकावर बसवतो. बाहेर जाऊन खरंखुरं काही मोजण्याचं, नोंदवण्याचं, त्यावर वाद घालण्याचं वय येतं तेव्हा फाटकाला कुलूप लागलेलं असतं.

कोणी म्हणेल, वर्षातून एकदा सहल जाते की! जाते. कुठे जाते ते आपण सगळे जाणतो. दिवाळी झाली की सहल काढून देणारे मुख्याध्यापकांच्या दालनात येऊन बसतात. वॉटर पार्क, एक मंदिर, एक किल्ला, दोन वेळचं जेवण, असं ठरलेलं पॅकेज असतं. शाळेच्या सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, तरी खासगी बस येते, कारण तिच्यात पडदा आणि गाणी असतात. किल्ल्यासाठी तासभर मिळतो. पायथ्याशी फोटो निघतो आणि बस पुढे पळते. मुलांच्या आनंदाला माझा विरोध नाही, त्यांनी पाण्यात मनसोक्त खेळावं. मात्र त्याला शैक्षणिक सहल म्हणून रजिस्टरमध्ये नोंदवायचं आणि त्या नोंदीवर वर्षभर गप्प बसायचं, याला माझा विरोध आहे.

2018 साली आलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक उघडा. पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा. नळदुर्गच्या शाळेतली मुलं बसने अलिबागला निघतात. वाटेतली जमीन, पिकं, घाट, समुद्रकिनारा पाहत, शिक्षकांना प्रश्न विचारत जातात. ज्यांनी पुस्तकाची सुरुवात या पाठाने केली, त्यांना मी इथून नमस्कार करतो. पुढचं सगळं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेचं आहे. आता आपल्या वर्गांत काय होतं? क्षेत्रभेटीसाठी प्रश्नावली तयार करा, क्षेत्रभेटीत कचऱ्याचं व्यवस्थापन कसं कराल, या प्रश्नांची उत्तरं मुलं गाइडातून पाठ करतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. गावचा ओढा कुठे उगम पावतो आणि कोणत्या नदीला मिळतो, हे त्यांना सांगता येत नाही. ॲमेझॉनचं खोरं मात्र नकाशात बिनचूक रंगवतात. जलसुरक्षेच्या वहीचंही तेच. श्रेणीचा विषय आहे, म्हणून एकीची वही दुसरी उतरवून काढते. विहिरीत डोकावायची गरजच पडत नाही.

मी पारनेर तालुक्यात भूगोल शिकवला आणि तिथेच मुख्याध्यापक झालो. तिथला तुटपुंजा पाऊस आपण जाणता. एके वर्षी गावात नवी विहीर खोदायचं काम चाललं होतं. मालकाला विचारून नववीच्या मुलांना तिथे नेलं. काठापासून लांब दोर बांधला, त्याच्या अलीकडे मुलं बसली आणि विहिरीची समोरची भिंत पाहू लागली. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या खडक आणि सगळ्यात खाली काळा पाषाण. मांजऱ्या जिथे संपतो आणि पाषाण सुरू होतो, त्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. पाषाणाला घाम फुटल्यासारखं. एका मुलीने विचारलं, "सर, पाणी दगडातून येत नाही, दोन दगडांच्या मधून येतंय ना?" दख्खनच्या पठारावरचं भूजल कसं साठतं, या पाठाचं सार तिने एका प्रश्नात सांगून टाकलं होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, हे वाक्य मी त्याआधी फळ्यावर कित्येकदा लिहिलं होतं. त्या दिवशी ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

तिथून पुढे नववीच्या वर्गाने गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायला घेतली. कठडा असलेल्या विहिरीच निवडल्या. सुतळी, तिच्या टोकाला जड नट, मीटरची टेप आणि वही, एवढंच साहित्य. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या दोन तासिका. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलेख काढले तेव्हा वर्ग गप्प झाला. नालाबांधाखालची विहीर सावकाश उतरत होती. दुसरी मात्र एका आठवड्यात एकदम खाली गेली होती, आणि त्याच आठवड्यात तिच्या शेजारी बोअर घेतलेलं होतं. ते बोअर वर्गातल्याच एका मुलाच्या वडिलांचं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या बोअरनं चुलत्याची विहीर खाल्ली." दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले ते तावातावानेच. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी सगळ्या तारखा बोट ठेवून वाचल्या आणि, "पोरांनी मोजलंय?" एवढंच विचारून गेले. हिवरे बाजारचे गावकरी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात, हे आपण भाषणांतून ऐकतो. असा ताळेबंद शाळेच्या वहीत सुरू होऊ शकतो, हे मी पाहिलेलं आहे.

काल चर्चासत्रात काही सहकारी म्हणाले, अशा उपक्रमांना गुण द्या, त्याशिवाय पालक ऐकणार नाहीत. या सूचनेला मी कडाडून विरोध करतो. खेळाचे आणि चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्याने काय झालं ते पाहा. आमच्या शाळेत लांब उडी घेणारा एक मुलगा होता. रोज पहाटे मैदानावर यायचा. वाढीव गुणांना पुरेल एवढ्या पातळीवर तो खेळला आणि प्रस्तावासोबत जोडायचं प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आला. "सर, आता पुरेसं झालं ना?" त्यानंतर तो पुन्हा मैदानावर दिसला नाही. त्याला मी दोष देत नाही. उडीचा हिशेब गुणांत करायला त्याला आपण शिकवलं. विहिरीची पातळी गुणांसाठी मोजली गेली, तर पुढच्याच वर्षी घरी बसून आकडे भरले जातील.

अभ्यासक्रम कसा पुरा होणार, हा दुसरा आक्षेप. तो वेळापत्रकाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शेजारच्या शिरूर तालुक्यात कधीच मिळालेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 साली पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करायचं: शेती, घरबांधणी, वीज, आरोग्य. मुलांनी केलेल्या कामाचा गावाला उपयोग व्हायचा. इतर दिवशीचा अभ्यास त्याने बुडाला नाही. मी तर आठवड्यातल्या दोनच तासिका मागतो आहे. कलबागांच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. मुलं गुरांमागे रानात होती, म्हणून शाळाच रानात गेली. या दोघी आपल्याच परंपरेतल्या आहेत. ताराबाईंची जयंती आपण साजरी करतो, आणि त्याच दिवशी नववीच्या वर्गाचं दार लावून घेतो.

आमच्याही वर्गात मेंढपाळाच्या घरची एक मुलगी होती. चार महिने मेंढ्यांच्या वाड्याबरोबर बाहेर असायची, म्हणून हजेरी कमी आणि वर्गात तोंडातून शब्द नाही. माळावर आम्ही गवतं ओळखायला गेलो तेव्हा ती बोलायला लागली आणि थांबेना. हे मारवेल, हे पवन्या, ही कुसळी. कुसळी वाळायच्या आत मेंढरं त्या माळावरून हलवावी लागतात, नाहीतर कुसळ लोकरीतून कातडीत घुसतं आणि जनावर बेजार होतं. वर्गातली हुशार म्हणवणारी मुलं तिच्याकडून वहीत उतरवून घेत होती. पुढे गवताळ प्रदेशाचा पाठ आला तेव्हा तिने हात वर केला. अशी मुलं आपल्या प्रत्येक शाळेत आहेत, आणि आपण त्यांना नापास म्हणून ओळखतो.

आता सुरक्षिततेबद्दल. या विषयावर मला सगळ्यात जास्त राग आहे आणि सगळ्यात जास्त काळजीही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयातले 14 विद्यार्थी बुडाले. ते दुःख कोणीही विसरू नये. पण त्यातून आपण काय शिकलो? पाणी कसं ओळखावं, भरती-ओहोटी कशी पाहावी, हे मुलांना शिकवण्याऐवजी पाण्याजवळ जाऊच नका, कड्याजवळ जाऊच नका, असं सांगू लागलो. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या ओढ्यावर वर्ग न्यायचा म्हणून मी एका कार्यालयाकडे परवानगी मागितली. विहित नमुना, हमीपत्र, प्रत्येक पालकाची संमती आणि पंधरा दिवसांची मुदत, असं उत्तर आलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाळेची वॉटर पार्कची सहल मंजूर झाली. कागद पुरे होते ना! आणि काही विपरीत घडलं, तर सही कोणाची सापडते? शिक्षकाची. म्हणून आज नवा शिक्षक मुलांना फाटकाबाहेर न्यायला घाबरतो, आणि मी त्याला भित्रा म्हणणार नाही.

खरी सुरक्षितता तयारीत असते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवायला आम्ही मुलांना नेत असू. भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरून बेसाल्टमध्ये रांजण कोरतात. तळाशी ते गोटे अजून पडलेले असतात, हातात घेतले की गुळगुळीत लागतात. पण वर्ग नेण्याआधी आमच्यातला एकजण जाऊन पात्र पाहून यायचा. पाटकऱ्याला विचारायचा, वरून पाणी कधी सुटणार आहे. पाण्याचं आवर्तन सुरू असेल तर जाणंच रद्द. मुलांच्या जोड्या पाडलेल्या, शिट्टीचा इशारा ठरलेला, गावातला एक पट्टीचा पोहणारा सोबत. कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही, हे आदल्या दिवशी फळ्यावर आकृती काढून सांगितलेलं. यातलं एकही काम कोणत्याही विहित नमुन्यात विचारलेलं नाही.

मुलींचे पालक पाठवत नाहीत, असंही ऐकतो. गावातल्या गावात, शाळेच्या वेळेत, ओळखीच्या शिक्षिकेबरोबर जायचं असेल तर पाठवतात. लांबच्या मुक्कामी सहलीला पाठवत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

अध्यक्ष म्हणून काही कामं मी अंगावर घेतो आहे. शाळेच्या परिसरात पायी जाण्यासाठी वर्षभराची एकच परवानगी असावी आणि नियम पाळणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कायद्याने उभं राहावं, असं निवेदन शिक्षण विभागाला द्यायचं आहे. त्याचा मसुदा व्हायचा आहे. प्रत्येक तालुक्यात चालत जाऊन पाहता येतील अशा जागांची एक पुस्तिका काढायची आहे. भूगोल, विज्ञान आणि मराठी या तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून ती लिहावी. अशा भेटींसाठी विम्याचं काय करायचं, यावर अजून विचार करावा लागेल. या कामात कोण कोण येणार, त्यांनी दुपारच्या सत्रात नावं द्यावीत.

तोवर परिपत्रकाची वाट पाहू नका. येत्या जूनला नववीचं वेळापत्रक लावाल तेव्हा शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका जोडून ठेवा आणि त्या इंग्रजी-गणिताच्या जादा तासांना देऊ नका. आणि जे विहिरींपासून सुरुवात करणार असतील, त्यांनी पहिली पातळी मेअखेरीस, पाऊस पडायच्या आत, स्वतः जाऊन मोजून ठेवावी. त्या वेळी मुलं सुट्टीवर असतात, पण ती नोंद राहून गेली तर पुढचं वर्षभर तुलना कशाशी करायची ते कळत नाही.