वकिलीचा अर्ज कोण भरणार ?
(गांवच्या वाचनालयांत बारावीच्या विद्यार्थ्यांपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



आपला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी चढत आला, पण अशील म्हणून. काळा कोट घालून उभे राहणारे आपल्या गांवचे किती ? ह्यांत माझाही दोष आहे. वादांत कोणास हार न जाणारी एक मुलगी माझ्या वर्गांत होती. पुढें ती सल्ला विचारावयास आली. मी ट्रेनिंग कॉलेजांतून निघालेला. मला मास्तरकीच दिसली. आज ती बी. ए. व शिक्षकीची पदविका घेऊन घरीं बसली आहे.

बारावीनंतर कायद्याच्या पांच वर्षांच्या शिक्षणास दोन दरवाजे आहेत. पहिला राष्ट्रीय विधि विद्यापीठांचा. महाराष्ट्रांत तीं मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें आहेत. त्यांची ‘क्लॅट’ परीक्षा इंग्रजींतच; दोन तासांत १२० प्रश्न, चुकल्या उत्तरास पाव गुण वजा. फीही भारी. दुसरा दरवाजा राज्याच्या सीईटीचा. ती मराठींतही देतां येते, चुकीबद्दल गुण कापीत नाहींत, आणि १८५५ सालीं निघालेल्या मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजाची वाटही तीच. बारावीस शेंकडा ४५ गुण पुरतात. मागासवर्गीयांस त्याहून कमी. मात्र जातीचे व रहिवासाचे दाखले आतांच काढा. परीक्षा साधून कागदापायीं जागा गेली, तर रडून काय उपयोग ?

“पुढें पोट भरेल काय ?” असें आईबाप विचारतील. खोटें सांगत नाहीं. पहिलीं वर्षें थोर वकिलाच्या हाताखालीं ओढाताणीचीं जातात. पण सनदेची फी २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ७५० रुपयांवर, व अनुसूचित जाति-जमातींस १२५ रुपयांवर बांधून दिली. न्यायाधीशाच्या परीक्षेस आधीं तीन वर्षें वकिली हवी, असें त्यानेंच २०२५ सालीं ठरविलें. तेव्हां तीं वर्षें फुकट जात नाहींत. त्याच सालच्या ऑगस्टांत कोल्हापुरास उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच सुरू झालें. सहा जिल्ह्यांचें काम आपल्या दाराशीं आलें. तें करणारे आपले कोण?

मित्रहो, नापासास पुनः परीक्षा आहे. अर्जच न भरणारास कोण पास करील? रविवारीं सकाळीं मी येथेंच बसेन. त्या मुलीसही बोलाविलें आहे. पदवीधरांस तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पहिला अर्ज तिचा भरूं. दुसरा तुमच्यापैकीं कोणाचा, तें तुम्हीं ठरवा.