संकरित कापसाचे बीज

१९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा कापडगिरण्या बहुतांशी भारतात राहिल्या. परंतु त्यांना हव्या असलेल्या लांब धाग्याचा कापूस पिकविणारा सिंध व पश्चिम पंजाब येथील पाटाच्या पाण्याखालचा मुलूख पाकिस्तानात गेला. ही उणीव भरून काढण्याचे ओझे ज्या संशोधन केंद्रांवर पडले, त्यांत सुरतचे केंद्र अग्रगण्य होते.

दोन भिन्न वाणांच्या संकरातून निपजलेले झाड आईबापांहून जोमदार होते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. अडचण होती ती बियाण्याची. मक्याचा तुरा व कणीस वेगवेगळे असतात. कापसाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र नांदतात. म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी सायंकाळी हेरावयाची, तिचे पुंकेसर नखाने अलगद काढावयाचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावावयाचे. एवढे करून एका बोंडातून मिळते ती मूठभरसुद्धा सरकी नव्हे! असे बियाणे शेतकऱ्याला परवडणार कसे?

डॉ. चंद्रकांत पटेल यांनी सुरत येथे या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. ‘गुजरात-६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरिलेस’ यांच्या संकरातून सिद्ध झालेला ‘संकर-४’ हा वाण १९७० साली प्रसृत झाला. व्यापारी प्रमाणावर लागवडीस आलेला कापसाचा जगातील हा पहिला संकरित वाण होय. १९७२ साली धारवाडहून ‘वरलक्ष्मी’ आला आणि हाताने केलेला संकर हा एक व्यवसायच झाला.

तथापि, या यशाला दुसरी बाजूही आहे. संकराचा जोम पहिल्या पिढीपुरताच टिकतो. पुढील पिढीत गुण विखुरतात. पूर्वी घरच्या कापसाची सरकी राखून पेरणारा शेतकरी त्यामुळे दरवर्षी बियाण्यासाठी बाजाराच्या दारी उभा राहू लागला. बीजोत्पादनाच्या नाजूक कामाला कित्येक ठिकाणी लहान मुलांचे हात जुंपले गेले. २००२ साली बोंडअळीला तोंड देणारे बीटी बियाणे आले, तेही मुख्यत्वे संकरित रूपातच. आणि काही वर्षांतच गुलाबी बोंडअळी त्यालाही दाद देईनाशी झाली.

विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस दगा देतो, तेव्हा पेरणी दुसऱ्यांदा करावी लागते व बियाण्याचा खर्च दुप्पट होतो. केंद्रातील वाफ्यात एकरी किती कापूस निघाला, याबरोबरच या दुबार पेरणीचा भार किती हलका झाला, हेही संशोधनाच्या हिशेबात धरले पाहिजे. घरी राखता येईल असे सरळ वाण सुधारण्याचे काम म्हणूनच संकराइतकेच मोलाचे आहे.