आवृत्त्यांचें कुलूप

जून महिन्यांत वर्ग भरतो तेव्हां कधीं कधीं निम्म्या मुलांजवळ पुस्तकाची जुनी आवृत्ति असते व निम्म्यांजवळ नवी. पान ४२ उघडा असें गुरुजींनीं सांगितलें कीं अर्ध्या वर्गापुढें कविता येते, अर्ध्यापुढें स्वाध्याय. दोष गुरुजींचा नाहीं, मुलांचाहि नाहीं. कोणती आवृत्ति वापरावयाची हें कोणीं ठरवूनच दिलेलें नसतें. ज्या संगणकांवर आज दुकानांचे व पेढ्यांचे व्यवहार चालतात, त्यांच्या उभारणींतहि हाच घोटाळा होतो. मात्र तेथें तो कवितेवर भागत नाहीं.

पूर्वीं अशी यंत्रणा कारागीर हातानें जुळवी. आतां किती सर्व्हर हवेत, सांठवण कशी असावी, प्रवेश कोणाला द्यावा, हें सारें मजकुराच्या रूपानें लिहून ठेवतात आणि एक आज्ञावली तो मजकूर वाचून तशी उभारणी करते. अमेरिकेंतील हॅशीकॉर्प कंपनीनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेलें टेराफॉर्म हें अशा साधनांपैकीं एक प्रमुख साधन होय. परंतु ॲमेझॉनची वा गूगलची बोली टेराफॉर्मला स्वतःला येत नाहीं. प्रत्येकासाठीं निराळा दुभाषी लागतो. त्याला प्रोव्हायडर म्हणतात. या दुभाष्याच्या स्वतंत्र आवृत्त्या निघत राहतात. ३.७४.० अशा तीन आंकड्यांपैकीं शेवटचा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर भर, आणि पहिला वाढला तर जुन्या लिखाणाशीं फारकत, असा संकेत आहे.

ती फारकत फेब्रुवारी २०२२ मध्यें पुष्कळांच्या प्रत्ययास आली. ॲमेझॉनच्या एस-३ या सांठवणींतील कप्प्याला 'बकेट' म्हणतात. तोंवर बकेटचे प्रवेशाचे, जुन्या प्रती राखण्याचे, मुदत संपलेला माल काढण्याचे नियम एकाच परिच्छेदांत लिहितां येत. दुभाष्याच्या ४.० या आवृत्तीनें ते निरनिराळ्या परिच्छेदांत मागितले, आणि जुन्या जागीं लिहिलेले ती स्वीकारीना. '३ किंवा त्यापुढील कोणतीहि' एवढीच अट घालून जे स्वस्थ बसले होते, त्यांच्या कोऱ्या यंत्रानें नवा दुभाषी आणला. आणि स्वतःच्या लिखाणांत एक अक्षरहि न बदलतां त्यांचें काम अडलें. पुढें एप्रिलांत ४.९ या आवृत्तीनें जुनी रीत, ती पुढें जाणार असा इशारा देऊन, पुन्हां मान्य केली. मधल्या काळांत ज्यांनीं जागरणें करून लिखाण बदललें, त्यांना या औदार्याचा काय उपयोग!

यावरचा उपाय तेव्हां हाताशीं होता. डिसेंबर २०२० मधील ०.१४ या आवृत्तीपासून टेराफॉर्म एक लॉक फाईल लिहितें. तींत निवडलेल्या दुभाष्याची नेमकी आवृत्ति व त्याच्या प्रतीचा गणिती ठसा नोंदलेला असतो. पुढल्या खेपेस तीच आवृत्ति आणली जाते. ठसा जुळला नाहीं तर काम थांबतें. पण ही फाईल लिखाणाबरोबर सर्वांच्या सामायिक दप्तरांत ठेवली पाहिजे. यंत्रानें आपोआप बनविलेली म्हणून ती वगळणें म्हणजे कुलूप आणून तें खुंटीला टांगण्यासारखें आहे.

शिवाय हें कुलूप दुभाष्यांपुरतेंच आहे. इतरांनीं लिहिलेले जे तयार मजकूर, म्हणजे मॉड्यूल, उसने आणले जातात, त्यांची आवृत्ति त्यांत नोंदली जात नाहीं. ती लिखाणांतच नेमकी लिहावी लागते. उलट, असें मॉड्यूल लिहिणाऱ्यानें दुभाष्याची फक्त किमान आवृत्ति सांगावी. कारण एका उभारणींत सर्व मॉड्यूलांना त्या दुभाष्याची एकच आवृत्ति वांटून घ्यावी लागते. एकानें ४ च्या आंत राहा म्हटलें आणि दुसऱ्यानें ४ तरी हवी म्हटलें, तर दोघांचें जमावें कसें? वरची मर्यादा घालण्याचा मान उभारणी करणाऱ्याचा.

कुलूप लावून विसरून जाणारेहि आहेत. ॲमेझॉनच्या दुभाष्याची ५.० आवृत्ति २०२३ मध्यें व ६.० आवृत्ति २०२५ मध्यें निघाली. तिसऱ्या मालिकेंतून सहाव्या मालिकेंत एकदम उडी घेणाऱ्याला तीन फारकती एकाच दिवशीं निस्तराव्या लागतात. त्यापेक्षां प्रथम तिसऱ्या मालिकेची शेवटची आवृत्ति घ्यावी, लॉक फाईलमधील फरक दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावा आणि चांचणीच्या यंत्रणेवर आराखडा काढून पाहावा. त्यांत 'नो चेंजेस' हे दोन शब्द उमटले, कीं मग चौथीला हात घालावा. आणि तोहि शनिवारीं संध्याकाळीं नव्हे.