ताप उतरला, पण धोका टळला का?

(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



जंतू जबर असला की आजार जबर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. विषाणूमुळे येणारा ताप किती बळावेल हे विषाणू ठरवतो, तसेच आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्तीही ठरवते. याचे आपल्या घरोघरी ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे डेंग्यू.

डेंग्यूचा विषाणू एक नाही. त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तो प्रकार सहसा पुन्हा त्रास देत नाही. इतर तीन प्रकारांपासून मिळणारे संरक्षण मात्र काही महिनेच टिकते. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू शिरला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. किल्ली कुलपात शिरावी, पण फिरू नये, तसे होते. प्रतिपिंड चिकटलेला जंतू गिळून टाकणे हे रक्तातील काही पांढऱ्या पेशींचे काम. त्या या विषाणूलाही गिळतात. पण तो जिवंतच असल्याने त्यांच्याच आत वाढू लागतो. ज्याला हाकलायचे, त्यालाच पहारेकऱ्याने हात धरून घरात आणले, असा हा प्रकार आहे.

बँकॉकमध्ये १९६० च्या दशकात काम करताना डॉ. स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकन वैद्यक संशोधकांच्या ध्यानात आले की, गंभीर आजार प्रामुख्याने दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या मुलांत दिसतो. क्यूबात याचा मोठा पडताळा आला. तेथे १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, ती सौम्य होती. १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची आली. त्या वेळी ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ जण दगावले. त्यांत १०१ मुले होती. पहिल्या साथीनंतर जन्मलेल्या एक-दोन वर्षांच्या बालकांत मात्र गंभीर आजार क्वचितच आढळला.

येथे गैरसमज नको. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि पहिल्या खेपेसही कधीकधी आजार गंभीर होतो. तसेच, प्रतिकारशक्ती वाईट म्हणून लस टाळावी, असाही अर्थ कोणी काढू नये. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची एक लस देण्यात आली. पूर्वी डेंग्यू न झालेल्या मुलांत तिच्यामुळे पुढचा आजार बळावू शकतो, हे २०१७ च्या अखेरीस जाहीर झाले. ती अडचण त्या लसीची होती; गोवर किंवा पोलिओच्या लसीची नव्हे. त्या लसी मुलांना वेळेवर द्याव्यातच.

आता पालकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विषाणूने भरलेल्या पेशी व त्यांच्याशी झुंजणाऱ्या पेशी जी द्रव्ये सोडतात, त्यांमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो. आणि हे साधारणपणे केव्हा घडते? तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरत असताना! विषाणू रक्तातून कमी होत असतो, घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि त्याच वेळी मूल खचू लागते.

म्हणून ताप उतरल्यावर निदान दोन दिवस मुलावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. पोटात जोराची कळ, सतत उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हातपाय थंड पडणे, लघवी कमी होणे, अतिशय चुळबूळ किंवा गुंगी, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच द्यावे; अॅस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मूल पिऊ शकत असेल तर पेज, ताक, जलसंजीवनी वरचेवर द्यावी. सलाईनही डॉक्टर मोजून देतात. झिरपलेला द्रव एक-दोन दिवसांत परत रक्तात येतो आणि जादा दिलेले पाणी फुप्फुसांवर भार टाकते. म्हणून "आणखी एक बाटली लावा" असा आग्रह धरू नये. वेळीच योग्य उपचार मिळाले तर गंभीर रुग्णांतही शंभरात एकाहून कमी दगावतात.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचाही वाटा आहे. घरात कोणाला ताप आला तर तो कोणत्या दिवशी सुरू झाला हे वहीत लिहा. किती वेळा पाणी प्यायले, किती वेळा लघवी झाली, याची नोंद ठेवा. डॉक्टरांना या वहीचा मोठा उपयोग होतो. शिवाय पाण्याची पिंपे व कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो.

शाळेत शिकलेले विज्ञान घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी उपयोगी पडावे, एवढीच अपेक्षा.